ओल्या चुन्याचा रंग

१

बाबा भिंत पुरी करून गेले, असं सगळे म्हणत होते. आणि पिऊन गेले, असंही.

पहिलं वाक्य लोक माझ्यासमोर बोलत, दुसरं माझी पाठ वळल्यावर. हट्ट्याजवळच्या आमच्या गावात दोन्ही वाक्यं बरोबरच फिरत होती. आंबेडकर जयंतीच्या आधी दरवर्षी बाबा स्वतःच्या हाताने विहाराला चुना लावत. या वर्षी म्हणे दर्शनी भिंतीचा शेवटचा कोपरा झाला आणि ते शिडीवरून पडले. सापडले तेव्हा सदऱ्याला दारूचा वास होता आणि उशाशी अर्धी बाटली. कडक ऊन, साठी उलटलेला माणूस, उंच शिडी. कुणी जास्त काही विचारलं नाही. मी हिंगोलीहून पोचले तोवर त्यांना आंघोळ घालून झाली होती.

माझे वडील नरसिंग, वसमत आगारात एसटीचे कंडक्टर होते. तरुणपणी प्यायचे. मी आईच्या पोटात असताना त्यांनी याच विहारात उभं राहून पाचवं शील घेतलं, मद्यापासून दूर राहण्याचं. त्यानंतर त्यांनी थेंब घेतला नाही. आईचं माहेराहून परत येणं, माझं शिकणं, पुढे कॉलेजच्या ग्रंथालयातली माझी नोकरी, आमच्या घरातलं सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. आता गाव म्हणत होतं की तो शब्द त्यांनी शेवटच्या दुपारी मोडला.

पुण्यानुमोदनाला, बाबांच्या स्मरणाच्या विधीला, विहार भरला होता. पंचशील सुरू झालं. माझ्या मागे माझा चुलतभाऊ रत्नपाल बसला होता. त्याचा आवाज मोठा, खणखणीत. चौथ्या शीलापाशी तो मधेच बंद पडला आणि पाचव्याला पुन्हा सुरू झाला. हुंदका आला असेल, असं मला वाटलं. पाचव्याला मात्र आईचा आवाज थांबला. ती ओठ मिटून समोर बघत राहिली. तिच्यासाठी त्या ओळीत आता काही उरलं नव्हतं.

त्याच क्षणी मला कळलं की मला नेमकं काय शोधायचं आहे. बाबा कसे गेले, एवढंच नाही. ते प्याले होते का?

बाहेर येऊन मी दाराच्या डाव्या अंगाला टेकून चपला घातल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, "ओढणीला काय लागलं?"

माझ्या गर्द निळ्या ओढणीवर हातभर पांढरा पट्टा उमटला होता.

बाबांनी लावलेला चुना आजवर कुणाच्या कपड्याला लागला नव्हता.

२

चुना पाण्यात विरघळतो, असं बहुतेकांना वाटतं. जवळजवळ सगळा चुना पाण्यात नुसता तरंगत असतो. हलवणं थांबवलं की तो तळाला बसतो आणि वर निवळी राहते, काचेसारखी स्वच्छ. त्या निवळीत कुंचा बुडवला तर भिंतीला नुसतं पाणी लागतं. तळातला गाळ उपसून लावला तर जाड थर बसतो आणि वाळल्यावर त्याचे पोपडे सुटतात.

बाबा म्हणायचे, "चुना म्हणजे एसटीतले पाशिंजर. बेल मारत ऱ्हा, पुढं सरका म्हणत ऱ्हा, तरच सारखे पसरतेत. गप बसलं की सगळे एका जागी."

दर वेळी कुंचा बुडवायच्या आधी ते बादली लिंबाच्या काडीने तळापासून ढवळत. लहानपणी ती काडी माझ्या हातात असायची, म्हणून त्यांची पद्धत मला पाठ आहे. पिंपात नुसता भिजवलेला आणि कापडातून गाळलेला चुना. त्यातला लागेल तेवढाच बादलीत घ्यायचा. मग बादलीत नीळ, फडक्यात बांधून फिरवलेली, आणि उकळलेला डिंक. डिंकामुळे चुना भिंतीला धरतो, हाताला लागत नाही. डिंक पिंपात कधीच घालायचा नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी सडतो, त्याला घाण सुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहारापाशी गेले. भिंतीवरून हात फिरवला. उजवीकडून मधोमध येईपर्यंत तळहात कोरडा आणि स्वच्छ राहिला. तिथला पांढरा थंड होता, त्यात नीळ होती. डाव्या कोपऱ्यात मात्र हात पिठात घातल्यासारखा झाला. इथला पांढरा उजळ होता आणि त्यात निळेपणाचा मागमूस नव्हता. खाली पाण्याचे ओघळ, आणि वर, वळचणीखाली, एक जाड लपका, कडेने तडकलेला.

भिंतीखाली जमिनीवर एक डाग वाळून घट्ट झाला होता. मी तो नखाने खरवडला. निळसर होता, डिंकाने चिवट झालेला. बाबांची बादली इथे सांडली होती.

म्हणजे बाबा पडले तेव्हा बादली त्यांच्याबरोबर पडली. मग हा कोपरा नुसत्या पिंपातल्या चुन्याने, न ढवळता, कुणी रंगवला? आणि मेलेल्या माणसाची भिंत पुरी करून त्याचं श्रेय त्यालाच कशाला दिलं?

३

आईला विचारणं सर्वांत अवघड होतं. ती ज्वारी निवडत बसली होती.

"आई, ती बाटली कुठंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "काहून?"

"बघायचीय."

ती उठली आणि आतल्या खोलीतल्या ट्रंकेच्या मागून फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. "फेकून देनार व्हते. हात उठला न्हाई. वाटलं, एक दिवस हिलाच इचारीन, खरं का म्हनून."

बाटली लहान होती, लेबल लावलेली, अर्धी. मी ती उजेडात धरून सगळीकडून फिरवली.

"तू पुसलीस का ही?"

"न्हाई गं. तशीच गुंडाळली."

"आंघोळ घालताना बाबांचे हात कसे होते?"

"चुन्यानं भरलेले. मनगटापोतर. उजवा तर वाळून पांढरा झालता." ती थांबली. "तळव्यात एक काळा डाग व्हता. गोल, हरभऱ्याएवढा. मी घासला, गेला न्हाई. रत्नपाल म्हनला, चुन्यानं पोळलं असंल."

"बाबांचा हात चुन्यानं कधी पोळला होता?"

आई निवडायची थांबली. "तेल चोपडायचे ना ते कोपरापोतर. माझी बरणी रिकामी करायचे."

चुन्याने माखलेल्या हाताने कुणी बाटली उचलली, तोंडाला लावली, परत ठेवली, तर काचेवर पांढरी बोटं उमटतात. या बाटलीवर एकही बोट नव्हतं. मी ती आईच्या हातात परत दिली आणि एवढंच म्हणाले, "आई, ही बाटली बाबांच्या हातात आलेलीच नाही."

तिने बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, "मला नुसतं बरं वाटावं म्हनून सांगू नको. सगळं कळलं की सांग."

४

दारू कुणाची, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. जळबा हा बाबांचा जुना मित्र, त्यांच्या पिण्याच्या दिवसांतला सोबती. बाबा सुटले, जळबा सुटला नाही. तो विहाराच्या मागच्या चिंचेखाली बसला होता.

"ये बाई ये. कंडक्टरची पोरगी. तिकीट काढलं का?"

"काका, बाबा गेले त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"हितंच. मी कुठं जातो? माझी गाडी हितंच पंचर हाये." तो हसला, मग हसू ओसरलं. "आधी मला एक इचारू दे. माझी बाटली कुनी नेली?"

"कोणती?"

"त्याच दिवसाची. घोटभर घेतली, बाकीची सांच्याला म्हनून ढोलीत ठिवली." त्याने चिंचेच्या खोडातली पोकळी दाखवली. "जेवून आलो तर ढोली रिकामी. मंग वरडा ऐकला का नरसिंग पडला. गेलो तर काय, माझीच बाटली त्याच्या उशाला!"

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"बोललो की. लोक म्हनले, व्हय का, दोस्तानं दोस्ताचीच चोरली." त्याने खाली बघितलं. "बाई, तुला सांगतो. इतके साल तो रोज हितून जायचा. रोज म्हनायचा, जळबा, आज सोड. मी म्हनायचो, उद्या. ढोली त्याला ठाऊक व्हती. एकदा तर माझ्या देखत बाटली काढून त्यानं मातीत वतली. ज्याला प्यायची त्यो वतंल कशाला?"

"ढोली आणखी कुणाला माहीत आहे?"

"सगळ्या पोट्ट्यायला. रत्नपाल आन त्याची टोळी मला तकलीफ द्यायला बाटली लपवून ठिवते."

"तुम्ही आलात तेव्हा दर्शनी भिंतीचा डावा कोपरा रंगवलेला होता?"

जळबा विचारात पडला. "काय दिसतं त्यात? भिंत ओली व्हती. ओला चुना म्हंजी नुसती भिजकी भिंत. खालचं सगळं दिसतं. वाळल्याबिगर कळतंय का, कुठं लागला आन कुठं न्हाई?"

हे तो सहज बोलून गेला. मीही तेव्हा मान हलवून पुढे निघाले.

५

विहाराच्या शेजारचं शेत प्रेमदासकाकांचं. ते पलीकडच्या तांड्यावरचे. हळद शिजवण्याच्या दिवसांत त्यांच्या कढईचा धूर विहाराच्या भिंतीवर यायचा, त्यावरून बाबांची नि त्यांची दरवर्षी जुंपायची. गावात एक कुजबुज अशीही होती की त्या दिवशी दोघांचं वाजलं होतं.

मी गेले तेव्हा हळद पॉलिशचा ड्रम फिरत होता आणि सगळीकडे पिवळी धूळ होती. त्यांनी मोटार बंद केली.

"बस बेटा. पानी घे."

"काका, त्या दिवशी तुमचं आणि बाबांचं भांडण झालं?"

"झालं ना. सकाळीच झालं. म्हनले, प्रेमदास, तुझ्या धुरानं बुद्धाला खोकला येईल. मी म्हनलो, नरसिंगराव, तुमच्या चुन्यानं माझी हळद पांढरी होईल. मंग माझीच शिडी मागितली. दिली. आमचं भांडन असंच राहायचं." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "आता धूर झाला तर कोन वरडंल मला?"

"ते पडले तेव्हा तुम्ही इथंच होता?"

"व्हय. पन ड्रमच्या आवाजात काय ऐकू येतं? आन नेमकी त्याच टायमाला लाईट गेली. डीपीचा फ्यूज उडाला. हळद अर्धी पॉलिश होऊन पडली. मी फ्यूज बघायला डीपीकडं गेलो, तवा हिकडं वरडा झाला. रत्नपाल वरडत व्हता."

"शिडी कुठंय?"

ती गोठ्याला टेकून ठेवली होती. लोखंडी, जुनी, वरच्या पायऱ्यांवर चुन्याचे थेंब. मी ती आडवी करायला सांगितली. डाव्या बाजूच्या टोकाला एक खळगा होता. लोखंड वितळून थिजल्यासारखा, भोवती काळपट निळी झाक.

"हे आधीपासूनचं?"

काकांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "न्हाई. हे वेल्डिंगवानी दिसून राहिलं. पन मी तर..." त्यांचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी शिडीकडे पाहिलं, मग डीपीकडे, मग माझ्याकडे.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "त्या भिंतीवर तर लाईटच न्हाई."

६

लाईट नसते. फक्त जयंतीला असते. विहारावर माळा चढवायचं काम दरवर्षी रत्नपालचं. या वर्षी त्याने त्या लावल्या नाहीत. काका गेल्याच्या दुःखात रोषणाई नको, असं तो म्हणाला होता आणि गावाला ते शोभलंही होतं.

रत्नपालचे वडील तो लहान असतानाच गेले. त्याला बाबांनी वाढवलं, आयटीआयला घातलं. लायनमनच्या भरतीत त्याचं नाव लागल्याचं पहिल्यांदा मला बाबांनीच फोनवर सांगितलं होतं. नाव माझंच लागल्यासारखा त्यांचा आवाज होता.

मी त्याच्या घरी गेले. "ये करुणाताई," म्हणत त्याने चहा टाकला. कप देताना त्याची बोटं दिसली. पेरांवर चिरा पडल्या होत्या, कातडं सोललं होतं.

"हाताला काय झालं रे?"

"वायरीनं कापलं ताई. आमचे हात असेच."

वायरीने एका जागी कापतं. दहाही बोटांची सालं वायर काढत नाही.

"मला त्या दिवसाचं सांग. पहिल्यांदा तूच पाहिलंस ना?"

तो सांगू लागला. आधी बऱ्याचदा सांगून झालं असावं. "मी दुकानाकडून येऊन राहिलो होतो. बघतो तर काका खाली. बाजूला बाटली. मी हलवलं, काहीच न्हाई. मंग वर बघितलं. ताई, भिंत सगळी झालती. तो डावा कोपरा नुसता पांढराशुभ्र चमकत होता. मला रडूच फुटलं. म्हनलं, काका काम पुरं करूनच गेले."

मी कप खाली ठेवला.

जळबाचं बोलणं मला आता ऐकू आलं. ओला चुना म्हणजे नुसती भिजकी भिंत.

ताजा चुना पांढरा दिसतच नाही. करडा, पारदर्शक दिसतो, आणि जुने डाग सगळे त्यातून वर येतात. पांढरा होतो तो वाळल्यावर. नवखा माणूस इथेच चुकतो. डाग झाकत नाही म्हणून तो थरावर थर चढवतो, आणि निवळीने भागत नाही म्हणून तळात हात घालून गाळ उपसतो.

बाबांनी तो कोपरा पडण्याआधी नुकताच रंगवला असता तर रत्नपालला तो पांढराशुभ्र दिसला नसता. पांढराशुभ्र त्याने दुसऱ्या दिवशी पाहिला होता, वाळल्यावर, स्वतःचं काम बघायला गेला तेव्हा.

"चल," मी म्हणाले. "विहारापाशी जाऊ. आईलाही बोलावते."

"आत्ता? काहून?"

"एक बादली पाणी घे."

७

ऊन उतरलं होतं. आई येऊन दाराच्या पायरीवर बसली. प्रेमदासकाकांना मी बोलावलं नव्हतं, पण ते बांधावर येऊन उभे राहिले आणि त्यांच्यापाशी जळबाही.

मी आईला सांगितलं, कारण तिला कबूल केलं होतं. "ह्या कोपऱ्यात डिंक नाही, नीळ नाही. बाबांची बादली तर त्यांच्याबरोबरच सांडली. म्हणजे हा कोपरा ते गेल्यावर दुसऱ्याने पिंपातून घेऊन रंगवला. बहुतेक त्याच संध्याकाळी, सगळं गाव आपल्या दारात होतं तेव्हा. ज्याने रंगवला त्याला भिंत सजवायची नव्हती. काही तरी झाकायचं होतं."

"काय झाकायचं?" आईने विचारलं.

"वाळलेल्या चुन्यावर पाणी पडलं की तो पुन्हा पारदर्शक होतो. डिंक नसेल तर धुऊनही जातो."

मी बादलीत तांब्या बुडवला. रत्नपाल म्हणाला, "ताई, नको."

खूप हळू म्हणाला. माझा हात थांबला नाही. मी वळचणीखालच्या जाड लपक्यावर पाणी मारलं.

आधी नुसते ओघळ आले, दुधासारखे. मग पोपडे सुटले. पांढऱ्याखालून करडं आलं आणि करड्यातून काळं. एक खिळा, आणि खिळ्याभोवती जळाल्याचा डाग, फुटलेल्या कवडीएवढ्या गाभ्यातून चहूकडे फाकलेला. त्याच्या खाली शिडीच्या टोकाच्या रुंदीची काळी रेघ.

"ह्या खिळ्याला वायर होती," मी म्हणाले. "लोखंडी शिडी तिला लागली. शिडीचं टोक वितळलं, डीपीचा फ्यूज उडाला, बाबांच्या तळव्यात डाग पडला. दारू नंतर आली. ढोलीतून."

रत्नपाल पिंपाशेजारी खाली बसला. सोललेले हात त्याने गुडघ्यांवर पालथे ठेवले होते.

"तारेवर आकडा टाकला होता मी," तो म्हणाला. "माळ पेटते का बघायला. जोड उघडा होता. टेप संपलती. टेपच आनायला गेलो होतो, ताई. काका उजव्या अंगाला होते, लांब. मला वाटलं, हिकडं येईपोतर मी येतो. त्यायनं इचारलं व्हतं, बंद हाये ना रे? मी व्हय म्हनलो. काढायचा कंटाळा आलता. दोन मिनटाचं काम, परत टाकायचा तर हायेच."

"आलास तेव्हा?"

"गेले व्हते." तो आईकडे बघायला गेला आणि त्याला जमलं नाही. "आधी आकडा काढला, वायर गुंडाळली. मंग बसलो. बराबर बसलो त्यायच्यापाशी. मंग डोक्यात आलं का केस व्हईल, नोकरी जाईल. बाटली आठवली. काका आधी प्यायचे हे सगळ्यायला ठाऊक. पेले म्हनलं का लोक पुढं काहीच इचारनार न्हाईत."

"आन इचारलं न्हाईच," बांधावरून जळबा म्हणाला. "मी सुदिक न्हाई इचारलं."

आई उठली. मला वाटलं, ती त्याला मारणार. तिने मारलं असतं तर मी अडवलं नसतं. ती भिंतीपाशी गेली, त्या काळ्या डागावर तिने हात ठेवला. पाण्याचे ओघळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेले.

"वायर राहिली, ते चुकीनं," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "त्यायनं तुला माफ केलं असतं. शिव्या देऊन केलं असतं. पन बाटली तू चुकीनं न्हाई ठिवली, रत्नपाल. चालत गेला, ढोलीतून काढली, चालत आला आन त्यायच्या सदऱ्यावर वतली. तेवढ्या वाटंत तुला एकदा बी वाटलं न्हाई का, हा मानूस कोन हाये?"

रत्नपाल उठून उभा राहिला.

"मी ठाण्यात जातो, काकू. आत्ता जातो."

"जाशील. उद्या जाशील, प्रेमदासभाऊ येतील संगं. आज सांच्याला हितं वंदना हाये. आधी हितं सांगायचं. जितल्या लोकायला तू ते सांगितलं, तितल्या लोकायला."

८

त्या संध्याकाळी विहारात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बातमी कुणी फोडली नव्हती, पण ओली भिंत आणि तिच्यावरचा काळा डाग येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता.

रत्नपाल उभा राहून बोलला. फार थोडं बोलला. आकडा, उघडा जोड, ढोली, बाटली, कोपरा. एका म्हाताऱ्या माणसाने मधेच "अरे देवा" म्हटलं आणि स्वतःच दचकून गप्प झाला. पुष्कळजण माझ्याकडे बघत होते. त्यांच्यातले कितीतरी जण माझी पाठ वळल्यावर बोललेले होते आणि आता माझी पाठ वळायची वाट बघत नव्हते. मला त्यांचा राग आला नाही. मी थकले होते.

मग वंदना सुरू झाली. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी याच ओळीपाशी त्याचा आवाज बंद पडला होता, आणि मी तो हुंदका समजले होते. आता तो माझ्या मागे बसून ती ओळ म्हणत होता. आवाज फाटत होता, एकेक शब्द जड पाटी उचलावी तसा येत होता, पण त्याने ती शेवटपर्यंत म्हटली.

पाचव्याला कुणी सुरुवात करायची, हे ठरत नव्हतं.

बायकांच्या रांगेतून आईने सुरुवात केली. एकटीनेच. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कुठेही न अडखळता. तिच्या मागून बाकीचे आले.

कोपरा आम्ही तसाच ठेवला आहे. पिंपात चुना अजून आहे, वर निवळी आलेली, तळ शांत. पुढच्या वर्षी लावायचा तर आधी हलवावा लागेल. बाबांची लिंबाची काडी मी हिंगोलीला आणली आहे.